शिताफळाच्या शंभर बिया

वत्सलाबाईंना मी शेवटचं भेटले ते सिंदीला, त्यांच्या मुलाच्या घरी. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर त्या तिथेच राहायला गेल्या होत्या. वर्षभरापूर्वी त्यांचं अर्धं अंग गेलं, बोलणं तुटक झालं आणि माणसं ओळखू येईनाशी झाली, असं मुलगा फोनवर सांगायचा. मी गेले तेव्हा त्या खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मी समोर स्टुलावर बसले. बराच वेळ त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मोजल्या काय, अनसूयाबाई?" मुलगा प्रमोद जिनिंगमध्ये कामाला आहे. त्याला वाटलं, आई कापसाच्या गाठींचं विचारते. तो म्हणाला, "मावशी, दिवसभर हेच चालू राह्यते. आमी हो म्हणून देतो." मग मीही हो म्हणाले. "किती?" त्यांनी विचारलं. "शंभर," मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. त्यांनी मला ओळखलं नाही असं घरचे म्हणतात. ओळखलं होतं. नावानं हाक मारली, अजून काय पाहिजे?

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्या गेल्याचा फोन आला. मी सिंदीला जाऊन आले. रडले नाही, माझं रडणं लवकर येत नाही. पण ते 'शंभर' मात्र टोचत राहिलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यांनी मला हाच प्रश्न विचारला होता आणि तेव्हाही मी न मोजताच हेच उत्तर दिलं होतं. त्यातून जे झालं ते त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. मी कुणाला काही सांगितलं नाही, त्यांनाही नाही. आता त्या गेल्या, म्हणून इथे पेपरात लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली आहे, लिहिण्यात कमीजास्त होईल. घडलेल्या गोष्टीत मी कमीजास्त केलेलं नाही.

आमचं गाव हिंगणीच्या पुढे, बोरच्या जंगलाला लागून. गावच्या अंगणवाडीत वत्सलाबाई सेविका आणि मी मदतनीस. मुलांना घराघरातून गोळा करून आणायचं, खिचडी शिजवायची, झाडलोट करायची, भांडी घासायची हे माझं काम, आणि शिकवणं त्यांचं. वयानं मी चार वर्षांनी मोठी, पण त्या माझ्या 'बाई' आणि मी त्यांची 'अनसूयाबाई'. शेवटपर्यंत दोघींचं 'तुमी'च राहिलं. आम्ही मैत्रिणी होतो का, ते मला सांगता येत नाही. सत्तावीस वर्षं एका खोलीत काम केलं, एवढं खरं.

सुरुवातीला अंगणवाडीत खेळणी म्हणावी अशी नव्हतीच. एक तक्ता होता आणि एक रबरी चेंडू. मग बाई सेलूच्या बाजारातून एखादी वस्तू आणायच्या. पिशवी धरायला मी सोबत जायची, आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटायची. कारण बाई खेळणं नुसतं पाहून घेत नसत. लाकडी गाडी असली तर ती कमरेएवढ्या उंचीवरून दुकानासमोरच्या फरशीवर सोडायच्या. पदराचं टोक ओलं करून रंग घासून पाहायच्या. नाकाशी धरायच्या. मग चाक चक्क दातात धरून चावायच्या. दुकानदार मोठा बोलका माणूस होता. तो एकदा म्हणाला, "बाई, घेता का इथंच खाता?" बाईंनी चाक तोंडातून काढलं, निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "पोट्टं पयले तोंडात घालते, मंग खेयते. तुमी नाई चावून पाह्यलं त मलेच पाहा लागते." त्या दिवशी त्यांनी गाडी घेतली नाही. ओठाला लाल रंग लागला होता. परत येताना एसटीच्या थांब्यावर सगळ्या बाया त्यांच्याकडे पाहून हसत होत्या आणि बाईंना ते कळतही नव्हतं.

आणलेली वस्तूही त्या लगेच शिकवायला घेत नसत. भिंतीला लागून जमिनीवर ठेवून द्यायच्या आणि दोन-तीन दिवस तिच्याबद्दल एक अक्षर बोलायच्या नाहीत. कोण उचलतं, किती वेळ धरतं, दुसरं मूल आलं की काय होतं, एवढंच पाहत बसायच्या. मला वाटायचं, बाईंना काम नको म्हणून बसून आहेत. एकदा मी म्हटलंही, "बाई, तुमी काय करून राह्यल्या?" त्या म्हणाल्या, "मी निवडून नाई राह्यली. थे निवडून राह्यले. मी फक्त पाहून राह्यली."

शिताफळाच्या बिया अशाच आल्या. आमच्याकडे शिताफळं बांधावर, जंगलात कुठेही. मुलं अंगणवाडीत खाऊन बिया अंगणात थुंकायची आणि मग त्याच बिया वेचून खेळत बसायची. बाईंनी दोन-तीन दिवस ते पाहिलं आणि मला बिया धुवून वाळवायला लावल्या. काळ्याभोर, गुळगुळीत, हातातून सुटणाऱ्या. त्यातल्या चांगल्या शंभर निवडून त्यांनी दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात घातल्या. मुलं त्या बियांच्या ओळी लावायची, खडूनं काढलेल्या गाईवर ठेवून गाय काळी करायची, पाच जणांत वाटून घ्यायची आणि उरलेल्यांवरून वाद घालायची. मी विचारलं, "शंभरच काऊन? मूठभर टाका ना." बाई म्हणाल्या, "मूठभर टाकल्या त एक हरपली हे कसं समजंल?" म्हणून रोज सुट्टी झाली की बिया मोजून डब्यात भरायच्या, असा नियम केला. ते काम माझ्याकडे दिलं.

आता माझी गोष्ट अशी की मला मोजण्याचा कंटाळा. मी स्वयंपाक करणारी बाई. तेलाचा डबा हलवला की आत किती तेल आहे ते मी सांगायची. तांदूळ हातात घेतले की किती पोरांना पुरतील ते कळायचं, आणि ते चुकत नसे. याचा मला गर्व होता, आजही थोडा आहे. चार दिवस मी बिया मोजल्या, मग डबा कानाशी धरून हलवायला लागले. शंभर बियांचा एक भरलेला आवाज असतो. वीस-पंचवीस कमी असल्या की आवाज पोकळ येतो. माझ्या कानाला तेवढं पुरे होतं. बाई रजिस्टर लिहिता लिहिता विचारायच्या, "मोजल्या काय?" मी म्हणायची, "मोजल्या." "किती?" "शंभर." असं कितीतरी महिने चाललं.

दिवाळीनंतर कापूस वेचायचे दिवस होते. आया शेतावर जात, म्हणून मोठ्या मुलांसोबत लहानगीही अंगणवाडीत येऊन बसत. गजाननभाऊंची पिंकी अशीच भावामागे यायची. तेव्हा दोन वर्षांची असेल. ते घडलं त्याच्या आदल्या दिवशी मी घाईत होते. का होते ते सांगितलं तर सबब वाटेल. डबा हलवला, "शंभर" म्हटलं आणि घरी गेले. एक बी सतरंजीच्या घडीत राहिली होती. सकाळी सतरंजी अंथरली, पिंकी तिच्यावर बसली आणि ती बी तिनं नाकात घातली. मी आत चूल पेटवत होते. रडणं ऐकून बाहेर आले तेव्हा बाईंनी तिला मांडीवर घेतलं होतं आणि ती बोटानं नाक आणखी कोरत होती. बी वर सरकत गेली. रक्त यायला लागलं. कुणीतरी गजाननभाऊंना शेतातून बोलावलं. त्यांनी मोटारसायकल काढली, मागे बाई पिंकीला छातीशी आवळून बसल्या, आणि ते सेलूच्या दवाखान्यात गेले. मी इकडे पोरांना खिचडी वाढली. त्या दिवशी मीठ घातलंच नाही, आणि एकाही पोरानं तक्रार केली नाही.

डॉक्टरांनी बी काढली. पिंकीला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. दुपारी बाई परत आल्या. लुगड्यावर रक्ताचे डाग होते. पिंकीला धरून ठेवताना तिच्या हातातली प्लास्टिकची लाल बांगडी निघून बाईंच्या मुठीत राहिली होती, ती तशीच होती. मुलं घरी गेली होती. बाईंनी फळीवरचा डबा काढला, सतरंजीवर पालथा केला आणि माझ्यासमोर बसून एकएक करत बिया मोजल्या. मी दारात उभी होते. नव्याण्णव भरल्या. मग त्यांनी पदराची गाठ सोडली, डॉक्टरांनी काढलेली ती बी बाहेर घेतली, धुतली आणि त्यात टाकली. "पुऱ्या झाल्या," म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीसमोर लोक जमले. गजाननभाऊंचा राग साहजिक होता. ते म्हणाले, "तुमाले खेयणे भेटत नाई त सांगा ना, आमी वर्गणी करतो. जंगलातला कचरा लेकराईच्या हाती काऊन देता?" कुणी मागून म्हणालं, बाईले शिकवाचं नाई, म्हणून बिया देऊन बसवते. बाई एवढंच म्हणाल्या, "चूक माही हाय, भाऊ." गजाननभाऊ म्हणाले, "तुमची नाई त कोनाची?" मी तिथेच होते, दाराच्या चौकटीला धरून. तेव्हा बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

वरून पर्यवेक्षिका आल्या, लेखी खुलासा मागितला. बाईंनी तो लिहिला आणि सेलूच्या ऑफिसात नेऊन द्यायला माझ्याकडेच दिला. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. वाटेत मी वाचला. 'बिया मोजून ठेवण्याची जबाबदारी माझी होती. मदतनीस यांचा यात काही दोष नाही.' मी कागद होता तसा घडी करून पाकिटात घातला आणि ऑफिसात दिला. मदतनिसाला काढायला तेव्हा फार काही लागत नसे. नवरा नव्हता, घरात दोन मुलं होती. मी घाबरले होते. पुढे भीती गेली, तोवर गप्प राहण्याची सवय झाली होती. त्या वर्षी बाईंचं नाव पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी पुढे होतं, तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं. यादी आली त्यात त्या नव्हत्या. तो खुलासा नडला असं कुणी म्हणालं नाही. मी म्हणते.

त्यानंतर ऑफिसातून खेळण्यांची मोठी पेटी आली. प्लास्टिकची फळं, ठोकळे, रंगीत कड्या, आणि बटण दाबलं की गाणं म्हणणारं एक अस्वल. तपासणीला पेटीतली प्रत्येक वस्तू दाखवावी लागे. म्हणून आजूबाजूच्या बहुतेक अंगणवाड्यांत पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप. आमच्याकडचं कुलूप मी लावलं आणि किल्ली माझ्या कमरेला ठेवली. मला बरं वाटलं. काही हरवणार नाही, काही नाकात जाणार नाही. सहा-सात महिने मुलं हाताची घडी घालून ओळीत बसली आणि गाणी म्हणत राहिली. खोली स्वच्छ राहायची. तपासणीला आलेल्या बाई खूश झाल्या. वत्सलाबाई खुर्चीवर बसून मुलांच्या घडी घातलेल्या हातांकडे पाहत राहायच्या.

एक दिवस त्यांनी किल्ली मागितली. मी म्हटलं, "मोडलं त?" "मोडू द्या. लिहून देईन." "किती वेळा लिहून द्याल, बाई?" हे माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांनी हात पुढे केला तो तसाच ठेवला. किल्ली घेतली, कपाट उघडलं, पेटी खाली ओढली. आणि पेटीच्या मागून तो दुधाच्या पावडरीचा डबाही काढला. मी म्हटलं, "हा नको." तेव्हा त्या डबा हातात धरून, माझ्याकडे न पाहता, अगदी हळू म्हणाल्या, "तुमच्या कानाले शंभर समजतात, अनसूयाबाई. एक नाई समजत."

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून, कुणास ठाऊक. कदाचित मी डबा हलवते हे त्या पहिल्या दिवसापासून ऐकत असतील. खोली केवढीशी होती. त्या वेळी मी 'होय' म्हणायला हवं होतं. त्यांनी दार उघडून दिलं होतं, मला फक्त आत जायचं होतं. मी म्हणाले, "चहा ठेवू काय?" त्या म्हणाल्या, "ठेवा." आणि त्या विषयावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

त्या दिवशी बाईंनी खोलीत एक खिळा ठोकला आणि त्याला पिंकीची लाल बांगडी अडकवली. तिच्या आईनं ती परत मागितली नव्हती. कोणतीही वस्तू मुलांपुढे ठेवण्याआधी बाई ती त्या बांगडीतून घालून पाहायच्या. बांगडीतून पार झाली तर तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. पेटीतल्या रंगीत कड्यांतल्या लहान कड्या तिथेच बाजूला पडल्या, ठोकळे टिकले. बिया तर पार होणारच. म्हणून बिया फक्त मोठ्यांना, लहानगी घरी गेल्यावर. आणि मोजायच्या सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं. दहा-दहाचे ढीग करायचे, दहा ढीग झाले की सुट्टी. एक कमी असली की सगळे गुडघ्यावर बसून सतरंजीखाली शोधायचे, बाई आणि मीही. ती सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. आमच्याकडची पोरं शंभरपर्यंत मोजता येऊन पहिलीत जातात, म्हणून पुढे बाईंचं नाव झालं. दुसऱ्या गावच्या सेविका पाहायला आल्या, बाईंची पद्धत म्हणून वहीत उतरवून घेऊन गेल्या. ती पद्धत माझ्या आळसातून आली, हे त्या वहीत नाही.

पेटीतल्या वस्तूही त्यांनी आपल्या रीतीनं पारखल्या. गाणं म्हणणाऱ्या अस्वलाभोवती पहिल्या दिवशी गर्दी झाली, तिसऱ्या दिवशी कुणी नाही. बाई म्हणाल्या, "याले सगळं येते. पोट्ट्यानं काय करावं?" ते कपाटावर गेलं. प्लास्टिकचं अननस मात्र मी फेकायला निघाले होते, कारण आमच्या गावात अननस कुणी पाहिलेलं नव्हतं. एक पोरगी म्हणे ते कणीस आहे, एक मुलगा म्हणे नाही, ती साळू आहे, काटे पाहा. अर्धा तास भांडण. मी म्हटलं, "याच्यावरून मारामारी होईन." बाई म्हणाल्या, "राहू द्या. इतकं बोलले कधी हे?" ते अननस मी निवृत्त होईपर्यंत तिथे होतं, हिरवी शेंडी चावून चावून गेलेली.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा गावानं शाल-नारळ दिलं. गजाननभाऊ आले नाहीत. त्या एवढ्या वर्षांत रस्त्यात भेटले तरी ते बाईंना पाहून मान फिरवायचे. धाकट्या पोराला त्यांनी अंगणवाडीत घातलंही नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "किती दिवस राग धरते हा माणूस." तर बाई मला म्हणाल्या, "त्याची पोरगी होती. त्यानं नाई धरावं त कोनं धरावं?" मी चिडले होते, हे लिहिताना मला माझंच नवल वाटतं. गजाननभाऊ अजून आहेत, पेपर वाचतात. भाऊ, बी माझ्या हातून राहिली होती. बाईंच्या नाही. पिंकी आता दोन लेकरांची आई आहे, तिला यातलं काही आठवत नाही. पण तुम्हाला आठवतं, म्हणून तुम्हाला सांगते.

बाई आजारी पडण्याच्या थोडं आधी एकदा आमच्या घरी आल्या होत्या. माझी नात ओवी तेव्हा तीन वर्षांची होती आणि सून ज्योती मोबाईलवर तिच्यासाठी खेळणी पाहत होती. तिनं बाईंसमोर मोबाईल धरला, "मावशी, तुमीच सांगा, कोणतं घेऊ? याच्यावर लिहिलं आहे, बुद्धी वाढते." बाईंनी चष्मा लावून एकेक चित्र पाहिलं. म्हणाल्या, "बुद्धीचं मले नाई माहीत. शेजारचं पोट्टं आलं त दोघांले पुरते काय, थे पाह्य. आन् मोडलं त घरी जुडते काय, थे पाह्य." ज्योतीनं विचारलं, "आणि किती घेऊ?" बाई ओवीकडे पाहत म्हणाल्या, "एक घे. मंग आठ दिवस काई बोलू नको." ज्योतीला ते पटलं नाही, तिनं चार मागवली. त्यातलं एक टिकलं आहे.

तेराव्याला मी पुन्हा सिंदीला गेले. निघताना प्रमोदच्या बायकोनं एक पिशवी दिली. म्हणाली, "आईंच्या उशाशी असायचा हा डबा. आम्हाला काही कळत नाही, तुम्ही घेऊन जा." तोच डबा होता, पत्रा गंजलेला, झाकणाला सुतळीनं बांधलेली लाल बांगडी. गाडीत बसल्यावर मी तो कानाशी धरला... सवय, दुसरं काय. मग खाली ठेवला. घरी येऊन खोलीत बसले, बिया ओतल्या आणि दहा-दहाचे ढीग केले. शंभर भरल्या. त्यातली एक जराशी फिकट आहे, सालपट निघालेली. ती तीच असेल असं मला वाटतं, पण खात्री नाही.

ओवी आता चार वर्षांची झाली. बांगडी मी खिळ्याला लावली आहे आणि ज्योती काही मागवते ते आधी तिच्यातून घालून पाहते. ज्योती हसते, पण मला थांबवत नाही. बिया संध्याकाळी काढतो, ओवी, शेजारची एक पोरगी आणि मी. खेळून झालं की मोजायच्या. ओवीला घाई असते, ती डबा हलवून म्हणते, "आजी, झाल्या शंभर." मी म्हणते, "ओत." काल अठ्ठ्याण्णव भरल्या. ज्योतीनं ताटं वाढली होती, ती दोनदा हाक मारून गेली. एक बी खाटेखाली सापडली. दुसरी बराच वेळ सापडेना. माझे गुडघे आता वाकत नाहीत, मी बॅटरी धरून उभी राहिले आणि दोघी पोरी पोटावर झोपून शोधत राहिल्या. ती पायपुसण्याखाली निघाली. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. शंभर. मग जेवायला बसलो.